ओएनटी लावला की आपोआप चालू: तालुक्याच्या ऑपरेटरला हे जमतं

धागाकर्ता: कृष्णाकाठ

परवा इथेच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की घरातला राऊटर, म्हणजे फायबरवाल्यांच्या भाषेत ओएनटी, आपोआप सेट होणं हे मोठ्या कंपन्यांचं काम, तालुक्याच्या ऑपरेटरने त्या वाटेला जाऊ नये. मला हे अजिबात पटलेलं नाही. उलट ज्याच्याकडे माणसं कमी, त्यालाच याची गरज जास्त. दीड वर्ष आम्ही हे चालवतोय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सातारा जिल्ह्यात आमचं नेटवर्क आहे. मूळ धंदा वडिलांच्या केबलचा, त्याचंच पुढे फायबर झालं. आज चार हजारांच्या घरात कनेक्शन, तीन ओएलटी (आमच्या बाजूची यंत्रं, ज्यांना घरोघरच्या फायबर जोडलेल्या असतात) आणि फील्डला अकरा पोरं. पूर्वी नवीन कनेक्शन म्हणजे असं: खांबावरून वायर घरात आली, स्प्लाइस मारला (फायबरचा जोड दिला), प्रकाश किती येतो ते बघायला पॉवर मीटर लावला, उणे बावीस-तेवीस डीबीएम दिसलं की जीव भांड्यात. पण खरा वेळ त्यानंतर जायचा. फोनवर राऊटरचं पान (१९२.१६८.१.१) उघडा, व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगळी वाट) टाका, पीपीपीओईचं (ग्राहक ओळखणाऱ्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड टाका, वायफायचं नाव-पासवर्ड टाका, बाहेरून होणारं लॉगिन बंद करा, सेव्ह, रीबूट. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर वीस मिनिटं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाच्या एका रात्रीत नदीपलीकडच्या गावात ६३ ओएनटी जळाले. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या वायरीतून येते. नवीन ६३ खोकी दुसऱ्या दिवशी दुपारीच हातात होती, तरी शेवटचं घर चालू व्हायला पाचवा दिवस उजाडला. त्या दिवशी मी स्वतः गेलो होतो. आमचा पोरगा ओसरीवर बसून, कागदावरच्या पासवर्डातलं अक्षर छोटा एल आहे की एकचा आकडा, हे तिसऱ्यांदा ताडून बघत होता. घरातल्या आजी दाराशी उभ्या होत्या. लेक दुबईला, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, आणि पाच दिवस नातवंडं दिसली नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. चहा दिला. परत येताना गाडीवरच मी ठरवलं की हे काम यापुढे पोरांच्या बोटांवर सोडायचं नाही.

आता आतली गोष्ट. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

ओएनटीला फायबर लागली की तो ओएलटीला आपला सिरियल नंबर सांगतो. बारा अक्षरी नंबर: पहिली चार अक्षरं कंपनीची, पुढची आठ त्या नगाची. तो आधी नोंदलेला असेल तर ओएलटी त्याला आत घेतो आणि ओएमसीआय नावाच्या भाषेत कोणता व्हीलॅन, कोणती प्रोफाइल हे सांगून टाकतो. इथपर्यंत प्रकाशाच्या तारेचं काम झालं. वायफायचं नाव, पीपीपीओई, घरातली डीएचसीपीची (उपकरणांना आपोआप पत्ते देणाऱ्या सोयीची) रेंज यासाठी मात्र दुसरी व्यवस्था लागते, टीआर-०६९. डीएसएल फोरमने, म्हणजे आजच्या ब्रॉडबँड फोरमने, हे मानक २००४ साली काढलं. ऑपरेटरकडे एक सर्व्हर असतो, त्याला एसीएस म्हणतात. ओएनटी मॅनेजमेंटच्या, म्हणजे ऑपरेटरच्या देखभालीसाठी राखलेल्या, व्हीलॅनवर आयपी मागतो, त्या डीएचसीपीच्या उत्तरातच त्याला एसीएसचा पत्ता मिळतो, आणि मग तो स्वतः होऊन त्या पत्त्यावर हाक मारतो. या हाकेचं नाव इन्फॉर्म. पहिल्यांदाच बोलत असेल, किंवा कुणी रिसेटचं बटण दाबून सगळं पुसलं असेल, तर इन्फॉर्मवर ‘० बूटस्ट्रॅप’ असा शिक्का येतो. नुसती वीज जाऊन आली असेल तर ‘१ बूट’. एसीएस सिरियल नंबर बघतो, हा कुणाच्या घरचा ते आपल्या यादीत शोधतो, आणि त्या घराचं युजरनेम, पासवर्ड वगैरे खाली पाठवतो.

आमच्याकडे हे जिनीएसीएस या मुक्त स्रोत सर्व्हरवर चालतं. पोरगा ओएनटी भिंतीला लावतो, वायर खोचतो, हत्यारं पिशवीत भरेपर्यंत इंटरनेटचा दिवा हिरवा झालेला असतो. साधारण तीन मिनिटं.

पण मला सांगायचंय ते सर्व्हरबद्दल नाहीच. सर्व्हर उभा करायला आम्हाला एक आठवडा लागला. यादी दुरुस्त करायला साडेचार महिने गेले. कोणता सिरियल नंबर कोणत्या घरात आहे हे आम्हाला धड माहीतच नव्हतं. बिलिंगमध्ये एक, ओएलटीत दुसरा, पोराच्या वहीत तिसरा. ओएलटीत वर्णनाच्या रकान्यात ‘पाटील वरची आळी’ एवढंच. वरच्या आळीत पाटलांची सतरा घरं. शेवटी घरोघर फिरलो, ओएनटी उलटे करून बारकोड स्कॅन केले.

त्यातही एक चूक झालीच. दोन खोकी एकाच पिशवीतून गेली आणि शेजारशेजारच्या घरांत अदलाबदल लागली. तेव्हा वायफाय आम्ही खोक्याखालच्या स्टिकरवरचंच ठेवत होतो, त्यामुळे दोन्ही घरांत फोन जोडले गेले, दोन्हीकडे नेट चालू, दोघंही खूश. महिन्याभराने एकाचं रिचार्ज संपलं आणि नेट शेजाऱ्याचं बंद पडलं. हाताने सेटिंग करताना चूक झाली तर नेट लागत नाही, जागेवर कळतं. इथे चूक झाली तरी सगळे दिवे हिरवे असतात. मला याची चांगलीच धास्ती बसली. आता पोरगा ग्राहकाच्या घरात उभा राहूनच खोक्याचा बारकोड आणि पावतीवरचा क्यूआर एकापाठोपाठ स्कॅन करतो. जोडी नोंदली गेल्याशिवाय ओएलटी त्या ओएनटीला आत घेत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी आपापले अनुभव लिहा. ज्यांना करायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.


खानदेशी

+१. यादीबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं.

आमच्याकडे धुळे जिल्ह्यात २२०० ओएनटी आहेत. एक अडचण तुमच्याकडे आली का, ते सांगा. उन्हाळ्यात वीज गेली की तास-दोन तास जाते. सबस्टेशनवरून परत आली की अख्ख्या पट्ट्यातले ओएनटी एकाच मिनिटात उठतात आणि सगळे एकदम एसीएसच्या दारात. पहिल्या उन्हाळ्यात आमचा सर्व्हर तीनदा आडवा झाला. त्यात नवीन कनेक्शनं अडकली ती वेगळीच. रॅम दुप्पट केली, तरी फरक नाही.


कृष्णाकाठ

आली होती. रॅमने सुटत नाही हे.

पहिलं म्हणजे तुमचा एसीएस ‘१ बूट’ला काय करतो ते बघा. आमचा आधी प्रत्येक बूटला ओएनटीची सगळी माहिती नव्याने वाचत होता, शेकडो ओळी. वीज जाऊन आलेल्या ओएनटीत बदललेलं काहीच नसतं. आता ‘१ बूट’ आला की फक्त फर्मवेअरची (ओएनटीच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि आयपी नोंदवतो आणि सोडून देतो. सगळं काम ‘० बूटस्ट्रॅप’ला.

दुसरं, ठरावीक वेळाने येणारा इन्फॉर्म. चार हजार ओएनटी दर पाच मिनिटांनी हाक मारणार म्हणजे सेकंदाला तेरा. तासाने एकदा ठेवला तर सेकंदाला एकच्या जरा वर. पाच मिनिटांनी घेऊन आपण त्या माहितीचं करतो काय? आम्ही तासावर आणलं.

तिसरी गोष्ट मानकातच लिहून ठेवलेली आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसते. एसीएसने दार उघडलं नाही तर ओएनटी पाच ते दहा सेकंदांतल्या कुठल्या तरी क्षणी पुन्हा येतो, मग दहा ते वीस, मग वीस ते चाळीस, असं दर वेळी दुप्पट. दहाव्या खेपेपर्यंत २५६० ते ५१२० सेकंद. म्हणजे गर्दी पांगवायची सोय त्यांनी २० वर्षांपूर्वीच केलेली आहे. आपण फक्त सर्व्हरला लगेच ‘आत्ता नाही’ म्हणायला शिकवायचं. सगळ्यांना आत घेऊन कुणाचंच काम न करणारा सर्व्हर आडवा होतो. आम्ही एका वेळी किती सत्रं चालतील याला मर्यादा घातली, तेव्हापासून एकदाही पडलेला नाही.


श्रावणी

मी या क्षेत्रातली नाही, पुण्यात शाळेत शिकवते. धागा वाचला कारण हे माझ्या घरात घडलंय.

लॉकडाऊनमध्ये मुलांच्या वर्गांसाठी मी राऊटरच्या पानावर जाऊन वायफायचं नाव आणि पासवर्ड स्वतः बदलला होता. एका सकाळी उठले तर नाव पुन्हा जुनं, कंपनीचं. घरातल्या सात उपकरणांचं कनेक्शन तुटलेलं, नववीचा वर्ग आठ वाजता. कस्टमर केअरला विचारलं तर ‘सिस्टीमने केलं असेल मॅडम’. सिस्टीम म्हणजे कोण? माझ्या घरातल्या पेटीत कुणी बाहेरून हात घालतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना अजून काय काय दिसतं? आम्ही काय बघतो, कुणाशी बोलतो, तेही दिसतं का?


कृष्णाकाठ

श्रावणीताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. उत्तर जसं आहे तसं देतो.

टीआर-०६९ मधून ऑपरेटरला राऊटरची सेटिंग वाचता येतात आणि बदलता येतात. वायफायचं नाव, चॅनेल, पासवर्ड नव्याने घालणं, रीबूट, फॅक्टरी रिसेट, फर्मवेअर बदलणं. जोडलेल्या उपकरणांचा तक्ताही दिसतो: प्रत्येकाचं नाव, मॅक पत्ता (जाळ्यातला ओळख क्रमांक), सिग्नल किती. माझ्या स्क्रीनवर एखाद्या घरचं पान उघडलं तर ‘आईचा फोन’, ‘हॉल टीव्ही’ अशी नावं ओळीने दिसतात. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं होतं. कुणाच्या तरी घरात न विचारता डोकावल्यासारखं. तुम्ही काय वाचता, काय बोलता, ते या मार्गाने दिसत नाही. पण डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचं ठिकाण शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदलता येतो, आणि तो बदलणारा माणूस तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे पाहू शकतो. म्हणून ही चावी कुणाच्या हातात आहे, याला फार महत्त्व आहे.

आमच्याकडे आता तो तक्ता फक्त दोन माणसांना उघडता येतो, तोही ग्राहकाची तक्रार उघडी असेल तरच, आणि कुणी कधी उघडला याची नोंद राहते. फील्डच्या पोरांना फक्त सिग्नल आणि दिवे दिसतात. कनेक्शन देताना पावतीवर मराठीत तीन ओळी छापतो की आम्हाला काय दिसतं आणि काय आम्ही बदलत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करायलाच हवं होतं.

तुमचं नाव पुसलं गेलं त्याचं कारण बहुतेक हे: त्यांच्या एसीएसमध्ये ‘प्रत्येक वेळी सगळं पाठव’ असं लिहिलेलं असणार. राऊटर रात्री अपडेट झाला, उठला, आणि एसीएसने जुनी यादी पुन्हा ओतली. ही सरळ चूक आहे आणि ती टाळता येते.


प्रकाशवाट

पुण्यात ओएनटीच्या फर्मवेअरवर नऊ वर्षं काम करतोय, त्यामुळे पेटीच्या आतल्या बाजूने थोडं.

श्रावणीताईंच्या बाबतीत एक गुंता आहे. मानकानुसार वायफायचा पासवर्ड बाहेरून लिहिता येतो, पण वाचायला गेलं तर रिकामं उत्तर यायला हवं. ही योजना चांगली आहे, तुमचा पासवर्ड ऑपरेटरच्या सर्व्हरवर जमा होऊ नये म्हणून. पण त्यामुळेच तुम्ही स्वतः बदललेला पासवर्ड एसीएसला कधीच कळत नाही, आणि रिसेट झाल्यावर तो परत आणता येत नाही. काही उत्पादक हा नियम मोडून पासवर्ड उघडा दाखवतात. तसा नग हातात आला तर कृपा करून तो मोठ्या संख्येने घेऊ नका.

खरेदीचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. डब्यावर ‘टीआर-०६९ चालतं’ असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. एकाच सेटिंगची नावं दोन झाडांत (सेटिंगच्या नावांच्या उतरंडींत) वेगळी असतात. टीआर-०९८ च्या जुन्या झाडाचं मूळ ‘इंटरनेटगेटवेडिव्हाइस’, टीआर-१८१ च्या नव्याचं नुसतं ‘डिव्हाइस’. त्यात प्रत्येक कंपनीला एक्स आणि अंडरस्कोरने सुरू होणारी स्वतःची नावं घालायची मुभा आहे. पीपीपीओईसोबतचा व्हीलॅन बहुतेक वेळा अशाच खासगी नावामागे दडलेला असतो. ओएमसीआयचं तेच. आयटीयू या जागतिक दूरसंचार संस्थेच्या जी.९८८ या मानकात सगळं लिहिलेलं आहे, तरी एका कंपनीच्या ओएलटीवर दुसरीचा ओएनटी नोंदला जातो, प्रकाश मिळतो, आणि वायफाय किंवा टेलिफोनचं पोर्ट मात्र सेट होत नाही. दहा नग आणा, आपल्याच ओएलटीवर लावा, रिसेट करा, वीज काढा, पुन्हा लावा, आठवडाभर छळा. मग ऑर्डर द्या.

आणि घड्याळ! ओएनटीत बॅटरी नसते. उठतो तेव्हा त्याच्या लेखी १९७० साल असतं. एसीएसशी बोलताना त्याच्या खरेपणाचं प्रमाणपत्र तपासायला गेला तर ते त्याला भविष्यातलं वाटतं आणि तो बोलणं तोडतो. हे टाळायला लोक सरसकट तपासणीच बंद करून टाकतात, आणि मग कुणीही एसीएस असल्याचं सोंग आणू शकतो. त्याऐवजी मॅनेजमेंट व्हीलॅनवरच वेळेचा सर्व्हर द्या. आधी घड्याळ लागू दे, मग प्रमाणपत्र.


जुना एक्सचेंज

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. आमच्या काळी ‘आपोआप’ हा शब्दच नव्हता. नवीन फोन लागायचा म्हणजे एमडीएफवर (एक्सचेंजमधल्या सगळ्या लाइनी जिथे जुळतात त्या चौकटीवर) उभं राहून एका बाजूच्या पट्टीवरून दुसऱ्या बाजूला जंपर, म्हणजे जोडतार, ओढायचा. कुठली जोडी कुठल्या खांबावरून कुणाच्या घरात गेली, ते नोंदवहीत शाईने लिहायचं. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की रात्री घाईघाईत जोड्या बदलल्या जायच्या, आणि सकाळी नोंद करायची राहून जायची. एक नोंद राहिली की पुढे वर्षभर कुणीतरी चुकीच्या खांबावर चढायचा.

तुमचे साडेचार महिने वाया गेलेले नाहीत. पावतीवरचा क्यूआर आणि खोक्याचा बारकोड ही आमचीच नोंदवही आहे, फक्त ती लिहिल्याशिवाय लाइनच चालू होत नाही. आम्हाला अशी सोय मिळाली असती तर फार बरं झालं असतं.


कृष्णाकाठ

काका, मनापासून आभार. ही गोष्ट आमच्या पोरांना वाचून दाखवणार आहे.


इसारकाठ

म्युनिकमधून लिहितोय. चावीबद्दल वर आलंय, त्याला जोडून एक घडलेली गोष्ट.

२७ नोव्हेंबर २०१६, रविवार. दुपारपासून जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या ग्राहकांचे राऊटर पडायला लागले. कंपनीने नंतर सांगितलेला आकडा सुमारे ९ लाख घरांचा होता. कारण शोधताना जे निघालं ते तुम्हा सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. टीआर-०६९ मध्ये ऑपरेटरला घाईने बोलायचं असेल तर तो राऊटरच्या ७५४७ या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, टकटक करतो, आणि मग राऊटर एसीएसला फोन लावतो. हे पोर्ट अख्ख्या इंटरनेटला उघडं होतं. शिवाय जगभरातल्या काही राऊटरमध्ये त्याच पोर्टवर टीआर-०६४ चे आदेशही स्वीकारले जात होते, जे खरं तर फक्त घराच्या आतून चालायला हवेत. मिराई या मालवेअरच्या नव्या अवताराने वेळेच्या सर्व्हरच्या रकान्यात पत्त्याऐवजी आज्ञा घालून पाठवायला सुरुवात केली. टेलिकॉमच्या राऊटरना लागण झालीच नाही. एवढ्या टकटकीने ते नुसते कोलमडले. म्हणजे हल्ला फसला, तरी ९ लाख घरं अंधारात.

दुसरी गोष्ट इथल्या कायद्याची. १ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राऊटर लावायचा हक्क आहे. माझ्या फ्रिट्झबॉक्स राऊटरच्या सेटिंगमध्ये खूण करायचा एक चौकोन आहे: सेवा देणाऱ्याला आपोआप सेटिंग करू द्यायची का? मी पहिल्या दिवशी हो म्हटलं, दोन मिनिटांत नेट आणि फोन दोन्ही चालू झाले. मग तो काढून टाकला. काही बिघडलं तर पुन्हा खूण करीन. घराचं दार उघडायचा आणि लावायचा अधिकार माझ्याकडे आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.


खानदेशी

बापरे. माझं ७५४७ आत्ता तपासलं. दोन जुन्या मॉडेलांवर बाहेरून उघडं आहे. लगेच काय करू?


कृष्णाकाठ

आज रात्रीच्या आत सीमेवरच्या राऊटरवर ७५४७ बाहेरून आत येणं बंद करा. त्याने नेटला काही होत नाही. मग सावकाश मॅनेजमेंटचा व्हीलॅन वेगळा काढा, त्याला खासगी पत्ते द्या, आणि त्या व्हीलॅनवर एसीएस व वेळेचा सर्व्हर सोडून काहीच दिसणार नाही असं करा. ग्राहकाच्या पीपीपीओईवरून ओएनटीचं लॉगिनचं पान किंवा ७५४७ कधीच दिसता कामा नये. शिवाय प्रत्येक ओएनटीचा ॲडमिन पासवर्ड वेगळा. आम्ही तो पहिल्या बूटस्ट्रॅपलाच बदलतो. जुलै २०१७ मध्ये आपल्या देशातही हजारो मोडेम मालवेअरने मारले होते, आणि बहुतेकांवर कारखान्यातून आलेलाच पासवर्ड होता. आपल्या माणसांना परत त्यातून जायला लावू नका.

इसारकाठ, त्या चौकोनाचं मनावर घेतलं. आमच्याकडे आता असं आहे: वायफायचं नाव-पासवर्ड फक्त पहिल्या बूटस्ट्रॅपला पाठवतो. त्यानंतर ग्राहकाने बदललं तर एसीएस त्याला हात लावत नाही. कुणी रिसेट केलंच तर पावतीवर छापलेला मूळ पासवर्ड परत जातो, म्हणजे निदान कुठला ते घरात कागदावर असतं. चौकोनासारखं काही ग्राहकाच्या ॲपमध्ये देता येईल का ते बघतोय.


प्रकाशवाट

त्यासाठी टीआर-०६९ च्या पुढच्या पिढीकडे, टीआर-३६९ कडे बघा, म्हणजे यूएसपी. २०१८ साली आलं. यात एका राऊटरला एकाहून जास्त नियंत्रक असू शकतात, आणि कुणाला काय वाचता-बदलता येईल ते वेगवेगळं ठरवता येतं. ऑपरेटरला पीपीपीओई आणि फर्मवेअर, घरमालकाच्या ॲपला वायफाय आणि उपकरणांचा तक्ता. शिवाय एमक्यूटीटी किंवा वेबसॉकेट या पद्धतींनी जोडणी कायम उघडी राहते, त्यामुळे बाहेरून टकटक करायला पोर्टच लागत नाही. स्वस्त ओएनटीत अजून क्वचित दिसतं. पण पुढच्या खरेदीच्या वेळी विक्रेत्याला विचारायला सुरुवात करा. चार ऑपरेटरांनी विचारलं की आमच्यापर्यंत मागणी पोचते.


देवरुखकर

दोन आठवडे हा धागा वाचतोय, वाचून सर्व्हर उभा केला. आता अडलोय.

आमच्याकडे कोकणात वेगळीच गंमत असते. शेकडो घरं वर्षभर बंद. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, कुलपं उघडतात, आणि ११ महिने बंद असलेले ओएनटी तीन दिवसांत चालू होतात. निम्म्यांचं फर्मवेअर जुनं, कुणी वायरच ओढून ठेवलेली, कुणी पोरांनी रिसेट दाबलेलं. त्या आठवड्यात आमचे चार मुलगे रात्री अकराला घरी जातात. गणपतीच्या आत हे चालू करायचंय मला.

अडचण अशी: ओएलटीवर ओएनटी ऑनलाइन दिसतो, मॅनेजमेंट व्हीलॅनवर त्याला आयपीही मिळतो, पण एसीएसवर इन्फॉर्म येतच नाही. एसीएसचा पत्ता ओएनटीत हाताने टाकला तर लगेच येतो. डीएचसीपीमध्ये हा पत्ता सांगणारा ऑप्शन ४३ लावलेला आहे.


कृष्णाकाठ

ऑप्शन ४३ मध्ये पत्ता नुसता मजकूर म्हणून लिहिलाय का? तसा चालत नाही. आधी ०१ हा प्रकार, मग पत्त्याची लांबी, मग पत्त्याची अक्षरं, असं सगळं सोळाच्या पद्धतीत (हेक्समध्ये, जिथे ९ नंतर ए ते एफ येतात) द्यावं लागतं. नेमकं काय लिहिलंय ते इथे सांगा. आणि ओएनटी आपली मागणी करताना ऑप्शन ६० मध्ये डीएसएलफोरम असं नाव सांगतो का, तेही टीसीपीडंपमध्ये (जाळ्यावरचं बोलणं टिपणाऱ्या साधनात) बघा.

गणपतीबद्दल एक विनंती. फर्मवेअर त्या आठवड्यात अजिबात पाठवू नका. मध्येच कुणी स्विच बंद केला तर ओएनटी कायमचा जातो, आणि आरतीच्या वेळी नवा नग घेऊन कोण धावणार? आधी २० घरं, मग आठवडा थांबा, मग रात्री तीननंतर शंभर-शंभर. बंद घरांचं फर्मवेअर मात्र सगळे मुंबईला परत जायच्या आधी दोन दिवस, घरच्यांना सांगून.


देवरुखकर

ऑप्शन ६० बरोबर आहे, ओएनटी नाव सांगतोय. ऑप्शन ४३ मध्ये ०१, मग ३१, मग पत्ता. पत्ता मोजला, बरोबर ३१ अक्षरं आहेत.


प्रकाशवाट

सापडलं. ३१ ही नेहमीची संख्या झाली. सोळाच्या पद्धतीत ती १एफ. तुम्ही ३१ लिहिलंत ते ओएनटी ४९ असं वाचतोय. ४९ अक्षरं शोधतो, ३१ च मिळतात, मग आख्खा ऑप्शन टाकून देतो. कुठे चूक झाली ते सांगतही नाही.


श्रावणी

यातलं निम्मं कळलं नाही, पण माझ्या घरी त्या सकाळी काय झालं असेल ते मात्र नीट कळलं. आमच्या ऑपरेटरला लेखी विचारलंय की माझ्या राऊटरमधलं त्यांना काय दिसतं आणि ते काय बदलतात. कृष्णाकाठ, पावतीवरच्या तुमच्या तीन ओळी इथे द्याल का? त्यांना नमुना म्हणून पाठवते.


कृष्णाकाठ

जरूर. अशा आहेत:

‘आपल्या ओएनटीची सेटिंग, सिग्नल आणि जोडलेल्या उपकरणांची नावं आम्हाला पाहता येतात. तक्रार दुरुस्त करण्यापुरतीच आम्ही ती पाहतो व त्याची नोंद ठेवतो. आपण बदललेलं वायफायचं नाव व पासवर्ड आम्ही बदलत नाही.’


देवरुखकर

१एफ केलं. वीज काढली, लावली. चौथ्या मिनिटाला पहिला इन्फॉर्म, ‘० बूटस्ट्रॅप’. मुलगा आणि मी दोघंही स्क्रीनकडे बघत उभे होतो, पीपीपीओई लागलं, दिवा हिरवा. प्रकाशवाट, कृष्णाकाठ, तुमचे उपकार आहेत.

७५४७ बाहेरून बंद आहे, तपासलं. वेळेचा सर्व्हर मॅनेजमेंट व्हीलॅनवर दिला. आता यादी. आमच्या वहीत ११४० घरं आहेत, त्यातली साधारण ३०० बंद, किल्ल्या शेजाऱ्यांकडे. उद्या सकाळी साखरप्यापासून बारकोड स्कॅन करायला सुरुवात करतोय.